पुन्हा आत येणाऱ्या, न येणाऱ्या

२००५ साली अमेरिकेतल्या तीस राज्यांच्या तुरुंगांतून चार लाखांहून थोडी अधिक माणसं सुटली. तिथल्या न्याय सांख्यिकी विभागाने त्यांतला एक मोठा नमुना निवडला आणि नऊ वर्षं त्याचा माग ठेवला. नऊ वर्षांत शंभर पुरुषांपैकी ८४ आणि शंभर स्त्रियांपैकी ७७ जणांना एकदा तरी पुन्हा अटक झाली होती. पाच वर्षांच्या टप्प्यावर हेच आकडे साधारण ७८ आणि ६८ होते. त्याआधी १९९४ साली पंधरा राज्यांतून सुटलेल्यांचा अभ्यास झाला होता. त्यात तीन वर्षांच्या अखेरीस पुरुष ६८.४ टक्के आणि स्त्रिया ५७.६ टक्के असा हिशेब निघाला.

गुन्हेगारीशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या आकड्यांचं एका ओळीत सार निघतं: सुटकेनंतर पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण स्त्रियांत कमी असतं. ते खोटं नाही. जगात जिथे जिथे नीट मोजणी झाली आहे, तिथे बहुतेक हेच दिसतं. पण आकडे पुन्हा पाहा. दोघांतलं अंतर तीन वर्षांना अकरा, पाच वर्षांना दहाच्या आसपास आणि नऊ वर्षांना सात. पहिला आकडा वेगळ्या तुकडीचा आहे, तेव्हा तिन्हींची सरळ तुलना करता येत नाही. तरी २००५च्या एकाच तुकडीतही काळ सरकतो तसं अंतर घटतं. शिवाय शंभरातल्या ७७ जणींना पुन्हा अटक होते, तेव्हा ‘स्त्रिया सुधारतात’ म्हणून कोणी पाठ थोपटून घ्यावी अशी ही परिस्थिती नव्हे. फरक आहे, पण तो स्वभावातला आहे असं मानलं की पुढचं सगळं चुकत जातं. या पुस्तकाचा सारा खटाटोप ते चुकू नये यासाठी आहे.

आधी मोजणीबद्दल थोडं. ‘पुन्हा गुन्हा’ ही गोष्ट कोणी थेट पाहिलेली नसते. हाती असते ती पुन्हा झालेली अटक, पुन्हा झालेली शिक्षा किंवा पुन्हा तुरुंगात झालेली रवानगी. तिन्हींचे आकडे वेगळे येतात, आणि अटकेचा आकडा साहजिकच सगळ्यांत फुगलेला असतो. ज्या वस्तीत हवालदाराला बाईचं नाव, तिचं घर आणि तिचा नवरा कुठे असतो हे सारं ठाऊक आहे, तिथे चोरी झाली की पहिल्यांदा कोणाच्या दारावर थाप पडते हे सांगायला नको. उलट, चांगल्या घरातल्या बाईने दुकानातून वस्तू उचलली तर दुकानदार पुष्कळदा समज देऊन सोडतो, आणि तो गुन्हा कुठेच नोंदला जात नाही. म्हणजे आकड्यात माणसाच्या वागण्याइतकंच पोलिसांचं वागणंही मोजलं जातं.

या विषयाचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. इटलीच्या चेझारे लोम्ब्रोझोने पुढे त्याचा जावई झालेल्या फेरेरो याच्यासोबत १८९३ साली गुन्हेगार स्त्रियांवर ग्रंथ लिहिला. कवट्या आणि चेहरे मोजून गुन्हेगार बाई ओळखता येते, असा त्याचा दावा होता. आज तो वाचताना हसू येतं, पण त्यातली मूळ समजूत अजून मेलेली नाही. गुन्हा करणारी बाई ही बाईपणातच बिघडलेली असते, असं मानणारे आजही भेटतात, आणि त्यांतले काही न्यायालयांतही बसतात.

खऱ्या अर्थाने माग काढण्याचं काम हार्वर्डच्या शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने सुरू केलं. १९३० साली त्यांनी पाचशे पुरुष गुन्हेगारांच्या कारकिर्दीवर पुस्तक काढलं आणि १९३४ साली पाचशे स्त्रियांवर. या स्त्रिया मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या सुधारगृहातून सुटलेल्या होत्या. त्यांतल्या फार मोठ्या संख्येवरचा आरोप चोरीचा किंवा मारामारीचा नव्हता, तर ‘शीलभंगा’चा होता. विवाहबाह्य संबंध, वेश्याव्यवसाय, असलंच काही. सुटल्यावर बाई पुन्हा कोणाबरोबर राहू लागली की तिचा गुन्हा ‘पुन्हा’ झाला. तिच्यासोबत राहणाऱ्या पुरुषाची नोंद मात्र कुठल्या सुधारगृहात नव्हती. स्त्रीच्या पुनर्गुन्ह्याचं प्रमाण किती, हे आधी कायदा कशाला गुन्हा म्हणतो यावर ठरतं. ही गोष्ट ग्लूक दांपत्याच्या तक्त्यांत दिसते. त्यांना ती कितपत दिसली, हा वेगळा प्रश्न.

पुढे याच ग्लूक दांपत्याने बोस्टनच्या पाचशे गुन्हेगार मुलांचा अभ्यास केला. त्या मुलांचे कागद हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत पडून होते. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी ते बाहेर काढले आणि १९९३ साली त्यांवर एक ग्रंथ लिहिला, जो या क्षेत्रात आजही पायाचा मानला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस गुन्हा सोडतो तो बहुधा चांगलं लग्न झाल्यावर आणि टिकाऊ नोकरी लागल्यावर. आपल्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती. ‘दोनाचे चार हात झाले की पोरगा ताळ्यावर येतो’ हा सिद्धांत ती फार पूर्वीपासून मांडत आली आहे. अडचण एवढीच की हे पाचशेच्या पाचशे मुलगे होते. सुधारायच्या पोराला सांभाळून घेणारी बायको या सिद्धांतात आहे. ती स्वतः पोलिसांच्या वहीत असेल तर काय, याचं उत्तर त्यात नाही.

ते उत्तर शोधायचा प्रयत्न ओहायोत झाला. पेगी जिओर्डानो आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली तिथल्या बालसुधार संस्थांतल्या १२७ मुली आणि १२७ मुलगे यांच्या मुलाखती घेतल्या. मुलींसाठी राज्यपातळीवरची एकच संस्था होती, म्हणून तिथल्या झाडून सगळ्या मुली घेतल्या गेल्या. १९९५ साली त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा शोधून काढलं. आता ती पोरं तिशीत पोचायला आली होती. निष्कर्ष २००२ साली छापून आला, आणि तो आजीच्या सिद्धांताला धक्का देणारा होता. नुसतं लग्न किंवा नुसती नोकरी यांनी या मंडळींत, बायकांत आणि पुरुषांतही, फार काही ठरत नव्हतं. स्वतःच्या बदलाची गोष्ट सांगताना बायकांच्या तोंडी मुलंबाळं आणि देवधर्म अधिक येत होता; पुरुष तुरुंगाचा, उपचारांचा किंवा एकूण कुटुंबाचा उल्लेख अधिक करत होते. संधी समोर येणं आणि तिला हात घालण्याइतकं मन तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या अभ्यासाचा गाभा.

लग्नाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण फरकाचं एक मोठं कारण इथे दडलं आहे. गुन्हेगार पुरुषाला मिळणारी बायको बहुतेक वेळा गुन्ह्याच्या जगाबाहेरची असते. रात्री घरी ये म्हणणारी, मित्रांना दारातून परत पाठवणारी, पगाराचा हिशेब विचारणारी. गुन्हेगार स्त्रीला मिळणारा पुरुष पुष्कळदा त्याच जगातला असतो. गर्दची पुडी तो आणतो, ती पोचवते. गाडी तो चालवतो, खाली उतरून माल ती देते. मारतोही तोच. अशा बाईला ‘संसाराला लाग’ असा उपदेश करणं म्हणजे तिला परत त्याच गुन्ह्याच्या वाटेला लावणं. अमेरिकन अभ्यासक कॅथलीन डेली हिने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयात पोचलेल्या स्त्रियांच्या वाटा तपासल्या. लहानपणी छळ सोसून घर सोडलेल्या, मार खाऊन शेवटी उलटून मारलेल्या, नशेच्या व्यवहारात प्रियकरामागून ओढल्या गेलेल्या, अशा या वाटा आहेत. पुरुषांच्या वाटा यांहून सर्वस्वी निराळ्या नाहीत, पण प्रमाण निराळं आहे. ज्या वाटेने बाई आत आली तीच सुटल्यावर समोर उभी असेल, तर ती पुन्हा येणार. नसेल, तर नाही.

याचं विदारक उदाहरण इंग्लंडमध्ये सापडतं. चेशरमधल्या स्टायल तुरुंगात ऑगस्ट २००३ पर्यंतच्या बारा महिन्यांत सहा स्त्री कैदी दगावल्या. त्यानंतर सरकारने जीन कॉर्स्टन यांच्याकडे चौकशी सोपवली आणि मार्च २००७ मध्ये त्यांचा अहवाल आला. तिथे स्त्रियांना होणाऱ्या शिक्षा मुख्यतः अल्प मुदतीच्या, काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या. आणि गुन्हा बहुधा दुकानातून वस्तू उचलल्याचा. आता हिशेब मांडून पाहा. एकट्या आईला बारा आठवड्यांची शिक्षा झाली. तेवढ्यात भाड्याचं सरकारी घर गेलं. मुलं सरकारी संगोपनात गेली. बाहेर आल्यावर ती घर मागायला गेली तर उत्तर मिळतं की मुलं तुमच्याजवळ नाहीत, तेव्हा कुटुंबाचं घर देता येत नाही. मुलं मागायला गेली तर उत्तर मिळतं की घर नाही, तेव्हा मुलं देता येत नाहीत. चौथ्या महिन्यात ती पुन्हा दुकानात सापडते. इंग्लंडच्या आकडेवारीत एक चमत्कारिक गोष्ट आहे: पुन्हा गुन्हा करणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण कमी, पण ज्या करतात त्या दर डोई पुरुषांपेक्षा अधिक वेळा करतात. बिघडलेल्या स्वभावापेक्षा बिघडलेल्या घरभाड्याच्या नियमात याचा उलगडा लवकर होतो. कॉर्स्टन यांनी सुचवलेला उपाय साधा होता. स्त्रियांचे मोठे तुरुंग दहा वर्षांत बंद करा, फार थोड्यांसाठी छोटी स्थानिक केंद्रं ठेवा आणि बाकीच्यांना समाजात राहूनच शिक्षा द्या. त्यातलं पुष्कळसं अजून कागदावरच आहे.

स्त्री-पुरुषांतला हा फरक न्यायालयात पोचला तो मात्र एका पुरुषाच्या तक्रारीतून. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ला क्रॉस इथे २०१३ साली गोळीबारात वापरलेली गाडी चालवल्याच्या संशयावरून एरिक लूमिस पकडला गेला. त्याच्यावरच्या आरोपांपैकी दोन हलके त्याने कबूल केले: पोलिसांना चुकवून पळणं आणि मालकाच्या परवानगीविना गाडी चालवणं. शिक्षा ठरवताना न्यायाधीशांपुढे ‘कॉम्पास’ नावाच्या संगणक प्रणालीचा अहवाल होता. माणूस पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, याचे गुण ही प्रणाली देते. लूमिसचे गुण वाईट आले, आणि त्याला सहा वर्षांचा तुरुंगवास झाला. अपिलात त्याचं एक म्हणणं असं होतं की ही प्रणाली स्त्री-पुरुष भेद करते, म्हणजे मी पुरुष आहे याचीच शिक्षा मला मिळते. जुलै २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. स्त्रियांचं पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण मुळातच कमी असल्याने लिंग विचारात घेतलं नाही तर अंदाज चुकेल. ते घेतल्याने अचूकता वाढते, असं न्यायालयाचं मत पडलं.

निकाल तर्काला धरून आहे, तरी माझं मन त्याने पुरतं भरत नाही. लिंग वगळलं तर स्त्रीला तिच्या वाट्याहून अधिक धोकादायक ठरवलं जाईल, आणि तिला नाहक अधिक काळ आत ठेवलं जाईल, हे खरं. पण लिंग धरलं तर एका माणसाची शिक्षा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांच्या वागण्यावरून ठरते. उद्या याच न्यायाने जात किंवा वस्ती धरली तर? वंश धरायचा नाही, हे अमेरिकेने ठरवलं आहे. लिंगाच्या बाबतीत मात्र तिला संकोच नाही. भाकीत करणं आणि शिक्षा देणं ही कामं वेगळी ठेवावीत असं मला वाटतं. धोक्याचे गुण जामीन, रजा, देखरेख यांसाठी जरूर वापरावेत, शिक्षेची वर्षं मोजायला नव्हे.

आता आपल्याकडे येऊ. २०२२ अखेर भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शंभरात चार. एकूण कैद्यांपैकी तीन चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले. दीड हजारांवर स्त्रियांबरोबर त्यांची लहान मुलंही आत होती. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईजवळ राहता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलं आहे. पण यातल्या किती स्त्रिया पूर्वी शिक्षा भोगून गेलेल्या होत्या आणि सुटलेल्यांपैकी किती पुन्हा येतात, हे या आकड्यांतून निघत नाही. आपली नोंद उलट्या टोकाने होते. जे आत आले त्यांतले सवयीचे गुन्हेगार किती, एवढं मोजतात; जे बाहेर गेले त्यांचं पुढे काय झालं, ते मोजत नाहीत. त्यातही खटल्याचा निकाल लागायला वर्षानुवर्षं जातात. पहिल्या गुन्ह्याचा निकाल लागायच्या आत दुसरी अटक झाली, तर कागदावर दोन्ही पहिलेच.

आणि सवयीचा गुन्हेगार कोण, हे आपल्याकडे कायद्याने फार आधीपासून ठरवून ठेवलं आहे. १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं कुंपणाआड गेली. १९५२ साली तो कायदा गेला, पण १९५९ साली मुंबई राज्यात सवयीच्या गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पोलिसांची नजर जिथे होती तिथेच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कलमं रद्द केली, तेव्हा भटक्या-विमुक्तांना ‘सवयीचे’ म्हणण्याच्या या रीतीवरही कोरडे ओढले. एखाद्या पारधी बाईच्या नावावर तीन गुन्हे असतात, तेव्हा त्यातला किती भाग तिचा आणि किती तिच्या जमातीवर लागलेल्या शिक्क्याचा, हे ठाण्यातल्या वहीवरून कळत नाही.

कायदा ‘पुन्हा’ कसं घडवतो याचा सगळ्यांत स्वच्छ नमुना ‘पिटा’ म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात आहे. सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. पुन्हा सापडली तर एक वर्षापर्यंत. हेच काम पुरुषाने केलं तर सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. जिचं पोटच त्या रस्त्यावर आहे ती दुसऱ्यांदा तिथे उभी राहणार नाही, असं कायदा करणाऱ्यांना खरोखर वाटलं असेल का? मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदाही याच वळणाचा. वारंवार सापडणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवता येतं. अशा कायद्यांखाली पुनर्गुन्ह्याचा आकडा वाढतो, तेव्हा त्या आकड्यात गरिबीच मोजलेली असते.

दुसऱ्या टोकाला आहेत त्या येरवडा किंवा भायखळ्याच्या बराकीत दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या. त्यांतल्या पुष्कळजणींवर खून किंवा हुंडाबळी अशी कलमं असतात. गुन्हा घरातला, नात्यातला. ज्याच्यामुळे किंवा जिच्यामुळे घडला ते माणूस आता नाही. या बायका पुन्हा असा गुन्हा करण्याची शक्यता फार कमी. खुनाच्या गुन्ह्यातल्या पुरुषांबाबतही जगभर असंच दिसतं. पण महाराष्ट्रात स्त्री गुन्हेगार म्हटलं की लोकांना गावित मायलेकी आठवतात. साध्या पाकीटमारीपासून सुरू होऊन मुलांच्या अपहरणापर्यंत आणि हत्यांपर्यंत गेलेलं ते प्रकरण १९९६ साली उघडकीला आलं, आणि दोन बहिणींची फाशी जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. ते प्रकरण भीषण आहेच. पण त्यावरून बराकीतल्या इतर दोनशे बायकांचा अंदाज बांधायचा म्हणजे दरोडेखोरावरून सगळ्या पुरुषांचा बांधण्यासारखं आहे.

आपल्याकडे जी बाई पुन्हा तुरुंगात येत नाही, तिच्या न येण्याला आणखी एक कारण असतं, आणि ते सांगताना हात अडखळतो. ती येत नाही, कारण तिला कुठेच जाता येत नाही. पुरुष शिक्षा भोगून गावी परततो तेव्हा चार दिवस कुजबुज होते, मग तो पारावर बसतो. बाईला सासर बंद असतं, कारण गुन्हाच पुष्कळदा सासरचा. माहेरी भावजय असते आणि लग्नाच्या पुतण्या असतात. तुरुंगात असताना मुलाखतीलाही तिच्याकडे कोणी फारसं फिरकत नाही. जामीन मिळाला तरी जामीनदार मिळत नाही, हे तुरुंगात काम करणारे सगळेच सांगतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हेच करतो: जामीनदार बघणं, निवारा बघणं, काम बघणं. अशा बाईने पुन्हा गुन्हा केला नाही, हे तुरुंगाचं यश म्हणून सांगणं अप्रामाणिकपणाचं आहे.

संख्येने थोड्या आणि धोक्याने कमी, म्हणून कोणी लक्ष देत नाही, हे या विषयाचं खरं दुखणं. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ चा. त्यामागे औंध संस्थानातला, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा प्रयोग होता. खुनी कैद्यांना भिंतीबाहेर काढून शेतावर ठेवायचं, हे तीसच्या दशकाअखेरीस एका छोट्या मराठी संस्थानाने करून पाहिलं. चित्रपटातले सहाही कैदी पुरुष. बाई आहे ती खेळणी विकणारी. महाराष्ट्रात स्त्रियांसाठी खुला तुरुंग येरवड्याला झाला तो २०१०च्या सुमारास. जे कमी धोक्याचे त्यांना आधी भिंतीबाहेर काढावं, असा साधा हिशेब असता तर क्रम उलटा लागायला हवा होता. त्याच २०१० साली संयुक्त राष्ट्रांनी ‘बँकॉक नियम’ मंजूर केले. स्त्री कैद्यांपासून इतरांना असणारा धोका एकूण कमी असतो हे धरूनच त्यांची वर्गवारी करावी, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे.

हे करायला नवा कायदा लागत नाही. अजामीनपात्र गुन्ह्यातही स्त्रीला जामीन देण्याची मुभा आपल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात पूर्वीपासून आहे. १९५८चा परिवीक्षा कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडण्याची तरतूद आहे. पण अनेक खटले अंगावर असतील तर तिचा लाभ नाही, आणि ‘पिटा’ किंवा हातभट्टीच्या बाईवर खटले अनेकच असतात.

वाचकाला एकच विनंती. पुढच्या प्रकरणांत परदेशी तक्ते पुष्कळ येतील. ते वाचताना आपल्याकडे तसा तक्ता का नाही, हा प्रश्न मनात राहू द्या. वाचणारा वकील असेल, परिवीक्षा अधिकारी असेल, आमदार असेल, तर त्याने तो तुरुंग विभागाला लेखी विचारावा. सुटलेली प्रत्येक व्यक्ती तीन वर्षांत पुन्हा आली की नाही, कोणत्या कलमाखाली आली आणि सुटताना तिला राहायला घर होतं की नाही, एवढी नोंद स्त्री-पुरुष वेगवेगळी ठेवून दरवर्षी छापली, तर या पुस्तकातली निम्मी अनुमानं तपासून पाहता येतील.